गाठ नेमकी कुणामुळे? एनएफ-१, श्वान पेशी आणि दोन उंदरांचं भांडण

पीएचडी प्रवेशाची मुलाखत होती. समोर तिघं जण बसलेले. मी माझ्या प्रस्तावातलं पहिलं वाक्य पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं: "न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप-१ या आजारात एनएफ-१ जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, दुसरी नंतर बिघडते आणि मग चेतातंतूच्या आवरणात गाठ येते." टेबलाच्या टोकाला बसलेल्या मॅडमनी विचारलं, "बरं. उंदरात ही एक प्रत बिघडवली तर त्याला अशी गाठ येते का?" मी ठोकून दिलं, "हो, मॅडम." त्या म्हणाल्या, "नाही येत. का येत नाही, सांग बघू. उंदराने काय घोडं मारलंय?"

मला उत्तर आलं नाही. प्रवेश मात्र मिळाला, बहुधा बाकीच्या प्रश्नांवर. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं की या आजारावरचं गेल्या तीस वर्षांतलं बरंचसं संशोधन त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतंय. ज्यांच्या मुलाखती यंदा आहेत त्यांच्यासाठी हे उशिरा सुचलेलं उत्तर.

आधी आजाराची थोडक्यात ओळख. १८८२ साली स्ट्रासबर्गमध्ये काम करणाऱ्या फ्रीडरिश फॉन रेकलिंगहाउझेन या पॅथॉलॉजिस्टने दाखवून दिलं की काही रुग्णांच्या अंगभर दिसणाऱ्या मऊ गाठींचा उगम चेतातंतूंच्या आवरणात आहे. म्हणून जुन्या पुस्तकांत याला रेकलिंगहाउझेनचा आजार म्हणतात. साधारण तीन हजार जन्मांमागे एका बाळाला हा असतो. निम्म्या रुग्णांत तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. उरलेल्या निम्म्यांत घरात कुणालाच नसतो, जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. (ही गोष्ट घरच्यांना स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे बाळाच्या अंगावर डाग दिसला की पहिलं बोट आईकडे जातं, ग्रहणात काय चिरलंस म्हणून.)

लहानपणी दिसतात ते दुधाच्या कॉफीच्या रंगाचे सपाट डाग. वयात येण्याआधी पाच मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त डाग असतील, तर डॉक्टर पुढची तपासणी करतात. काखेत-जांघेत बारीक ठिपके आणि डोळ्याच्या रंगीत पडद्यावर छोटे उंचवटे याही खुणा आहेत. गाठींचे मुख्य प्रकार दोन. एक त्वचेवरच्या, बहुधा वयात आल्यावर दिसू लागणाऱ्या, कधी दोन-चार तर कधी शेकड्यांनी. दुसऱ्या प्लेक्सिफॉर्म: मोठ्या चेतातंतूच्या लांबीभर पसरलेल्या, फांद्यांत शिरलेल्या, गांडुळांच्या गुंत्यासारख्या. या साधारण ३० ते ५० टक्के रुग्णांत असतात, बहुतेक जन्मापासूनच, आणि सगळ्यात वेगाने वाढतात त्या लहान मुलांत. मानेत असली तर श्वासनलिका दाबते, डोळ्यामागे असली तर नजर जाऊ शकते. शस्त्रक्रिया करावी तर गाठ आणि चेतातंतू एकमेकांत इतके मिसळलेले असतात की पूर्ण काढताना हात-पाय लुळा पडायची भीती.

एक सूचना. या आजाराचं नाव इंटरनेटवर शोधलं की हमखास 'एलिफंट मॅन' म्हणून प्रसिद्ध झालेल्या जोसेफ मेरिकचा फोटो समोर येतो आणि आईवडील हादरतात. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरही मेरिकला हाच आजार होता असं मानत. १९८६ मध्ये कॅनडातल्या दोन डॉक्टरांनी त्याची लक्षणं नीट तपासून दाखवलं की ती प्रोटिअस सिंड्रोम या वेगळ्याच आजाराशी जुळतात. तेव्हा सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर तो फोटो कृपा करून टाकू नका.

आता श्वान पेशी. मराठीत हा शब्द लिहिला की कुत्र्यांचा काही संबंध आहे असं वाटतं. आमच्या लॅबमधल्या मामांनी पहिल्या आठवड्यात मला विचारलंही होतं. संबंध आहे तो थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाशी. मेंदू आणि पाठीच्या कण्याबाहेर जे चेतातंतू धावतात त्यांच्याभोवती या पेशी गुंडाळलेल्या असतात. काही श्वान पेशी एकाच जाड तंतूभोवती मायलिनचे थर गुंडाळतात, वायरवरच्या प्लास्टिकसारखे. काही मायलिन न बनवता अनेक बारीक तंतू आपल्या कुशीत धरून ठेवतात. त्यांना रेमाक पेशी म्हणतात. न्यूरोफायब्रोमाच्या गाठीत बहुतांश पेशी श्वान पेशीच असतात, पण त्यांच्या सोबतीला फायब्रोब्लास्ट, मास्ट पेशी, मॅक्रोफेज आणि भरपूर कोलॅजेनही असतं. गाठ म्हणजे एकाच जातीच्या पेशींची वसाहत नव्हे, हे इथेच लक्षात ठेवा. पुढचं सगळं भांडण त्यावरूनच आहे.

एनएफ-१ जनुक १९९० साली सापडलं. मिशिगनचा फ्रान्सिस कॉलिन्स यांचा गट आणि युटाचा रे व्हाइट यांचा गट, दोघांना जवळपास एकाच वेळी. जागा १७व्या गुणसूत्रावर. त्यापासून बनणारं न्यूरोफायब्रोमिन हे भलंमोठं प्रथिन आहे, आणि त्याचं सगळ्यात नीट समजलेलं काम म्हणजे रॅस नावाच्या प्रथिनाला बंद करणं. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण घेते. रॅस म्हणजे मोटर. वाढीचा संदेश आला की मोटर सुरू होते, पाणी चढतं, पेशी वाढते, विभागते. टाकी भरली की मोटर बंद करायला वॉचमन लागतो, तो न्यूरोफायब्रोमिन. प्रत्येक पेशीत या वॉचमनच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. एनएफ-१ असलेल्या माणसाच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एक वॉचमन जन्मापासून गैरहजर. दुसरा डबल ड्यूटी करतो, निभावून नेतो, कधी थोडा उशीर होतो. पण एखाद्या पेशीत तोही गेला की टाकी वाहायला लागते.

हाच तो 'दोन धक्क्यांचा' सिद्धांत. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाबद्दल तो मांडला. एनएफ-१ च्या गाठींनाही तो लागू पडतो. एकाच रुग्णाच्या दोन वेगवेगळ्या गाठी तपासल्या तर पहिला धक्का दोन्हींत तोच, जन्मजात. दुसरा मात्र प्रत्येक गाठीत वेगळा. म्हणजे प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे सुरू झालेली असते.

पण गाठीतल्या कुठल्या पेशीत तो दुसरा धक्का असतो? २००० साली बार्सिलोनाच्या गटाने गाठीतल्या श्वान पेशी आणि फायब्रोब्लास्ट वेगवेगळे वाढवून तपासले. दुसरा धक्का फक्त श्वान पेशींत मिळाला, आणि त्यांच्यातही सगळ्यांत नाही, एका हिश्श्यातच. बाकीच्या श्वान पेशी आणि सगळे फायब्रोब्लास्ट एकच प्रत बिघडलेले, म्हणजे रुग्णाच्या इतर कुठल्याही पेशीसारखेच.

हा पेपर मी वाचला होता, आणि तरीही त्यात सांगितलेली चूक करून दाखवली. पहिल्या वर्षी आमच्याकडे शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा आला. मी पेशी सुट्या केल्या, नेहमीच्या सीरम घातलेल्या माध्यमात वाढवल्या, तीन आठवड्यांनी भरगच्च फ्लास्क पाहून खूश झाले आणि डीएनए सिक्वेन्सिंगला पाठवलं. निकाल आला: एकच बदल, जन्मजात. मी अहवालात लिहिलं, 'या गाठीत दुसरा धक्का आढळला नाही.' सरांनी अहवाल वाचून एवढंच विचारलं, "तू वाढवलेल्या पेशी कुठल्या?" सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर श्वान पेशींचे बारीक, दोन टोकांचे आकार जवळजवळ नाहीसे झालेले, सगळीकडे पसरट फायब्रोब्लास्ट. साध्या माध्यमात फायब्रोब्लास्ट भराभर वाढतात आणि श्वान पेशींना गिळून टाकतात. श्वान पेशींना त्यांच्या आवडीचे वाढीचे घटक वेगळे द्यावे लागतात. मी गाठीबद्दल निष्कर्ष काढला होता आणि तपासला होता गाठीतला शेजारी. श्वान पेशींचा मार्कर एस-१०० याचं साधं स्टेनिंग आधी केलं असतं तर सिक्वेन्सिंगचे पैसे वाचले असते.

आता मॅडमचा उंदीर.

१९९४ मध्ये दोन गटांनी एनएफ-१ जनुक बंद केलेले उंदीर बनवले. दोन्ही प्रती नसलेली पिल्लं गर्भातच, तेराव्या-चौदाव्या दिवसाच्या सुमारास मरत होती, हृदयाची घडण बिघडल्यामुळे. एक प्रत असलेली, म्हणजे जनुकांच्या दृष्टीने अगदी माणसातल्या रुग्णासारखी पिल्लं जन्मली, वाढली. उतारवयात त्यांना काही कर्करोग झाले, अधिवृक्क ग्रंथीचे, रक्ताचे. पण न्यूरोफायब्रोमा? एकही नाही. ज्या आजाराचं नावच त्या गाठीवरून पडलंय, त्या आजाराच्या उंदराला ती गाठच नाही!

यावर तेव्हा दोन शक्यता होत्या. एक, उंदराच्या श्वान पेशी मुळातच वेगळ्या, त्यांना ही गाठ होतच नाही. दोन, गाठ होऊ शकते पण दुसरा धक्का योग्य पेशीत, योग्य वेळी बसत नाही. उंदीर केवढासा, आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, श्वान पेशी माणसाच्या मानाने किती कमी. लॉटरीची तिकिटंच थोडी. १९९९ मध्ये टायलर जॅक्स यांच्या लॅबमधल्या कॅरन चिचोव्स्की आणि सहकाऱ्यांनी याचा निकाल लावला. त्यांनी लॉटरीची वाट बघितली नाही. दोन्ही प्रती नसलेल्या मूळ पेशी निरोगी भ्रूणात मिसळल्या आणि खिचडी उंदीर, म्हणजे कायमेरा, जन्माला घातले. त्यांच्या अंगात काही पेशी निरोगी, काही पूर्ण बिघडलेल्या. या उंदरांना प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा झाले. मुलाखतीत हवं होतं ते उत्तर इतकंच: उंदराला गाठ होते, फक्त दुसरा धक्का आपण द्यावा लागतो.

मला वाटतं मॅडमना हे उत्तर पुरलं असतं. पण खरी मजा याच्या पुढे आहे. खिचडीत कुठल्या कणाने चव बिघडवली ते कळत नाही. बिघडलेल्या पेशी सगळीकडेच होत्या. नुसत्या श्वान पेशी बिघडल्या तर पुरे का? की आजूबाजूच्या पेशीही अर्ध्या बिघडलेल्या असाव्या लागतात?

हे विचारायला क्री-लॉक्स पद्धत वापरतात. जनुकाच्या दोन बाजूंना लॉक्स नावाच्या खुणा घालून ठेवायच्या. खुणा असल्या तरी जनुक नीट चालतं. क्री हे एन्झाइम म्हणजे कात्री: ज्या पेशीत क्री असेल तिथे दोन खुणांमधला तुकडा कापला जातो. आणि क्री कुठे बनेल हे ठरवतो तुम्ही तिला जोडलेला प्रमोटर, म्हणजे जनुकाचं स्विच. श्वान पेशींत चालू होणारं स्विच निवडलं की कात्री तिथेच चालते.

२००२ मध्ये डॅलसला लुइस पराडा यांच्या गटाने क्रॉक्स-२० या स्विचची कात्री वापरली. दोन प्रकारचे उंदीर केले. दोन्हींत श्वान पेशींच्या दोन्ही प्रती कापलेल्या. फरक फक्त शेजाऱ्यांत. पहिल्या प्रकारात बाकी सगळ्या शरीरात दोन्ही प्रती शाबूत. दुसऱ्यात बाकी शरीरात एकच प्रत, रुग्णासारखी. पहिल्या उंदरांत पेशींची किरकोळ वाढ दिसली, पूर्ण गाठ नाही. दुसऱ्यांत खऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठी आल्या, आणि त्या गाठींत मास्ट पेशी शिरलेल्या होत्या. मास्ट पेशी म्हणजे ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या त्या.

इथे जरा थांबा आणि प्रयोगाची रचना बघा. श्वान पेशींबाबत दोन्ही गट अगदी सारखे, म्हणून फरक पडला तो शेजाऱ्यांमुळेच असं म्हणता येतं. जर्नल क्लबमध्ये आपण निकालाच्या आकृत्यांकडे धावतो. या पेपरात मात्र सगळं गुपित उंदरांच्या जनुकीय नावातल्या एका छोट्या वजा चिन्हात आहे, आणि ते मी पहिल्या वाचनात सरळ ओलांडून गेले होते.

पुढे २००८ मध्ये पराडा आणि इंडियानाचे वेड क्लॅप यांच्या गटांनी अजून एक पाऊल टाकलं. ज्या उंदरांना गाठ होत नव्हती, म्हणजे शेजारी निरोगी असलेले, त्यांच्यात एकच प्रत असलेला अस्थिमज्जा घातला. मास्ट पेशी अस्थिमज्जेतूनच येतात. गाठी आल्या. उलट करून पाहिलं, गाठ होणाऱ्यांना निरोगी अस्थिमज्जा दिला, तर गाठी टळल्या. साखळी अशी: बिघडलेली श्वान पेशी किट लिगंड नावाचा संदेश पाठवते, अर्ध्या बिघडलेल्या मास्ट पेशी त्याला जास्तच उत्साहाने प्रतिसाद देतात, येतात, आणि गाठीला खतपाणी घालतात. उशीर करणारा तो एकटा वॉचमन इथे नडला.

सुंदर गोष्ट आहे ना? पण त्याच वर्षी सिनसिनाटीच्या नॅन्सी रॅटनर यांच्या गटाचा पेपर आला. त्यांनी डीएचएच या स्विचची कात्री वापरली. श्वान पेशींच्या वंशातल्या पेशींत दोन्ही प्रती कापलेल्या, बाकी शरीर पूर्ण निरोगी. या उंदरांना गाठी आल्या. शेजाऱ्यांची एकही प्रत बिघडलेली नसताना.

मग खरं कोण? मी बरेच दिवस दोन्ही पेपर शेजारी ठेवून एखाद्याची चूक शोधत होते. चूक दोघांचीही नाही. डीएचएच आणि क्रॉक्स-२० ही दोन्ही स्विचं 'श्वान पेशींची' म्हणवतात, पण ती एकाच वेळी आणि एकाच पेशींत चालू होत नाहीत. डीएचएच गर्भातल्या श्वान पेशींच्या पूर्वज पेशींत, साधारण साडेबाराव्या दिवशी चालू होतं. चेतातंतूंमधल्या श्वान पेशींत क्रॉक्स-२० त्यानंतर येतं, मायलिनच्या तयारीच्या सुमारास. त्याच्या आधी ते पाठीच्या कण्याजवळच्या थोड्या वेगळ्या पेशींतही दिसतं. म्हणजे कात्री वेगवेगळ्या वयाच्या पेशींवर चालली. कुठली क्री निवडली इथेच निम्मं उत्तर ठरून जातं.

माणसाकडे बघून काही सुटतं का? सुटतं, थोडं. काही लोकांत हा बदल गर्भात उशिरा होतो आणि शरीराच्या एका भागातल्या पेशींतच राहतो. अशांना मोझेक म्हणतात. २००७ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी फक्त गाठी असलेले आणि डाग नसलेले मोझेक रुग्ण तपासले, तेव्हा एनएफ-१ मधले बदल गाठीतल्या श्वान पेशींतच मिळाले, फायब्रोब्लास्टमध्ये नाही. म्हणजे माणसातही शेजारी बिघडलेला असणं ही अट नाही. दुसऱ्या बाजूने, २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की अर्धा बिघडलेला शेजार सौम्य गाठ सुरू व्हायला मदत करतो, पण तिचं कर्करोगात रूपांतर व्हायला उलट अडथळा आणतो. हे वाचून मी दोनदा गोषवारा तपासला होता. माझं आजचं मत असं की ठिणगी श्वान पेशीची आणि वारा शेजाऱ्यांचा. गवत किती वाळलंय, म्हणजे पेशी कुठल्या वयात बिघडली, त्यावर वारा लागतो की नाही हे ठरतं. मत आहे, पुरावा येईल तसं बदलेन.

हा वाद फक्त लॅबमधला राहिला नाही, त्यावरून रुग्णांना काय द्यायचं हे ठरत गेलं. मास्ट पेशींची गोष्ट खरी मानली तर किट अडवणारं इमॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध चालायला हवं. २००८ च्या त्याच पेपरात एका लहान मुलीचा उल्लेख आहे, तिची गाठ श्वासनलिका दाबत होती. इमॅटिनिब दिल्यावर तीन महिन्यांत गाठ सुमारे ७० टक्क्यांनी लहान झाली. असं वाचलं की अंगावर काटा येतो. मग चाचणी झाली, निकाल २०१२ मध्ये आले. ३६ जण दाखल झाले, २३ जणांनी किमान सहा महिने औषध घेतलं, आणि सहा जणांच्या गाठी २० टक्के किंवा जास्त आकुंचल्या. आता टक्केवारी काढा. सहा भागिले तेवीस, २६ टक्के. सहा भागिले छत्तीस, १७ टक्के. दोन्ही खरे. बातमीत कुठला आकडा छापून येतो ते तुम्ही ओळखालच. छेद कुठला घेतलाय हे आधी बघायची सवय मला या पेपरने लावली.

त्याआधी टिपिफार्निब नावाचं औषध वापरून झालं होतं. रॅसला पेशीच्या पडद्याला चिकटायला एक तेलकट शेपूट लागतं, ते लावणारं एन्झाइम हे औषध अडवतं. कल्पना झकास, परिणाम शून्य, कारण रॅसचे काही प्रकार दुसऱ्या एन्झाइमकडून वेगळं शेपूट लावून घेतात. पण ती चाचणी वाया गेली नाही. ती प्लासिबोसह, नीट आंधळेपणाने केलेली होती, आणि औषध न मिळालेल्या मुलांच्या गाठी कशा वाढतात याची व्यवस्थित नोंद तिच्यातून मिळाली. पुढच्या औषधांना तुलनेसाठी तीच नोंद कामाला आली.

पुढचं औषध पाइपच्या खालच्या टोकाला होतं. वॉचमन परत आणता येत नाही, मोटर बंद करता येत नाही, तर मधला व्हॉल्व्ह फिरवा. रॅसच्या खाली मेक नावाचं एन्झाइम आहे. २०१३ मध्ये रॅटनर यांच्या गटाने त्यांच्या त्या डीएचएच उंदरांना पीडी-०३२५९०१ हे मेक अडवणारं औषध दिलं आणि गाठी आकुंचल्या. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या ब्रिगिटे विडेमन, एव्हा डोम्बी आणि सहकाऱ्यांनी सेल्युमेटिनिब या दुसऱ्या मेक-विरोधी औषधाचे निकाल छापले. २४ मुलांपैकी १७ जणांची गाठ २० टक्के किंवा जास्त लहान झाली. त्याच पेपरात उंदरांचेही आकडे होते, १८ पैकी १२. उंदीर आणि मूल इतके जवळ येणं क्वचितच दिसतं. २०२० च्या मोठ्या चाचणीत ५० पैकी ३५ मुलांत खात्रीचा प्रतिसाद दिसला, वेदनाही कमी झाल्या, आणि १० एप्रिल २०२० ला अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. या आजाराच्या गाठीसाठीचं ते पहिलं मान्यताप्राप्त औषध. आणि उंदरांवर आधी वापरलेलं ते पीडी-०३२५९०१? ते मिर्डामेटिनिब या नावाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य झालं, मोठ्यांसाठीही.

'२० टक्के' हा आकडा वरवर किरकोळ वाटेल. पण गांडुळांच्या गुंत्याची लांबी पट्टीने कशी मोजणार? नेहमीच्या कर्करोगात गाठीचा सगळ्यात लांब व्यास मोजतात. इथे ते निरर्थक आहे. म्हणून एमआरआयच्या प्रत्येक कापात गाठीची कड आखून घनफळ काढायची पद्धत बसवावी लागली. औषध सापडायच्या आधी मोजपट्टी सापडली, आणि ती बनवणाऱ्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. शिवाय या गाठी आपोआप इतक्या कमी होणं दुर्मीळ, त्यामुळे २० टक्क्यांना अर्थ येतो.

आता ज्याची सगळ्यांना भीती असते ते. प्लेक्सिफॉर्म गाठींतल्या काही पुढे घातक होतात. त्यांना एमपीएनएसटी म्हणतात. एनएफ-१ असलेल्या माणसाला आयुष्यात ती होण्याचा धोका साधारण ८ ते १३ टक्के. वाटेत सीडीकेएन-२ए हे जनुक जातं, मग बऱ्याच गाठींत सुझ-१२ किंवा ईईडी, हे २०१४ मध्ये कळलं. सुझ-१२ योगायोगाने एनएफ-१ च्याच शेजारी राहतं. म्हणून ज्यांच्यात जन्मतः १७व्या गुणसूत्राचा तो मोठा तुकडाच गळालेला असतो, त्यांची सुझ-१२ चीही एक प्रत गेलेली असते आणि त्यांचा धोका इतरांपेक्षा जास्त. घातक गाठीला एकट्या मेक-विरोधी औषधाने आवर बसत नाही. ओळखीत कुणाला एनएफ-१ असेल तर एवढं सांगून ठेवा: जुनी गाठ अचानक भराभर वाढू लागली, कडक झाली, किंवा झोपमोड करणारी वेदना सुरू झाली, तर 'नेहमीचीच गाठ आहे' म्हणून थांबू नका, लगेच दाखवा.

अजून न सुटलेलं बरंच आहे. मेक-विरोधी औषधाने गाठ लहान होते, नाहीशी होत नाही. एका टप्प्यावर आकुंचन थांबतं, आणि औषध बंद केलं किंवा मात्रा कमी केली तर काहींत परत वाढते. मग लहान झालं ते नेमकं काय? श्वान पेशी कमी झाल्या, शेजारी निघून गेले, की सगळेच थोडे थोडे गप्प बसले? माझं सध्याचं काम याच्याच एका कोपऱ्यावर आहे, फ्लास्कवर आता एस-१०० ची तारीख लिहिलेली असते.

मुलाखतीची तयारी करत असाल तर २००८ चे ते दोन्ही पेपर मिळवा, पराडा-क्लॅप यांचा आणि रॅटनर यांचा. आकृत्या नंतर बघा. आधी कागदावर प्रत्येक उंदराचं नाव लिहा आणि समोर दोन रकाने करा: श्वान पेशीत किती प्रती, बाकी शरीरात किती. मला त्याला पाऊण तास लागला होता. क्री-लॉक्सच्या बाकी खाचाखोचा, म्हणजे कात्री नको तिथे कशी चालते वगैरे, पुढच्या वेळी.